नाताळचा रोस्ट आणि चाकणचा बाजार

नाताळच्या आदल्या दिवशी वाकडमधील आमच्या इमारतीच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावरून एक वास उतरू लागतो. लवंग, दालचिनी, मिरी आणि या साऱ्यांवर मात करणारा शिरक्याचा आंबट दर्प. तेथे आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी राहतात. घराणे मूळचे गोव्याचे. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरीस लागले आणि कुटुंब येथलेच झाले. त्यांच्या मातोश्रींनी सत्तरी केव्हाच ओलांडली आहे. परंतु या दिवशी स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणाचे काही चालत नाही.

गेल्या नाताळात त्यांनी मला जेवावयास बोलाविले होते. मोठी बशी टेबलावर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "सर, म्हशीचंच आहे हां. बैलाचं नाही."

मी काहीही विचारले नव्हते. सणाच्या दिवशी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटाविषयी यजमानीणबाईंनी असा खुलासा करावा याचे मला प्रथम आश्चर्य वाटले आणि मागाहून वाईट वाटले. हा खुलासा माझ्यापुढे नव्हताच. तो दाराबाहेरच्या कोणापुढे तरी होता. त्या एका वाक्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे, आणि त्यासाठी प्रथम पाककृतीच पाहिली पाहिजे. कारण अर्थशास्त्र तिच्यातच दडलेले आहे.

दीडेक किलोचा, हाड नसलेला एकसंध तुकडा आदल्या रात्री काट्याने सर्व बाजूंनी टोचून घेतात. त्याला आले-लसणाचे वाटण, मिरपूड व मीठ चोळून तो माडाच्या शिरक्यात रात्रभर मुरू देतात. सकाळी दोऱ्याने आवळून बांधलेला हा तुकडा जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर चहूबाजूंनी तांबूस करावयाचा. मग कांदा, अख्खा मसाला, दोन-चार सुक्या मिरच्या, बेताचे पाणी, वर घट्ट झाकण आणि खाली अगदी मंद आच. अडीच-तीन तास तरी लागतात. कुकरची तडजोड या बाईंना मान्य नाही. पुढे तो पूर्ण निवल्यावर धाग्यांच्या आडव्या अंगाने पातळ काप काढतात आणि उरलेल्या रसात बटाटे परततात. निवण्यापूर्वी सुरी लावणाऱ्याला या घरात क्षमा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे द्रव्य जनावराच्या वयाबरोबर अधिकाधिक चिवट होत जाते, आणि ज्या अवयवांनी अधिक श्रम केले तेथे ते अधिक असते. सत्तर अंशांच्या वरच्या ओलसर उष्णतेत तासन्‌तास राहिले, तरच ते विरघळून मऊ जिलेटिन बनते. विलायतेत रोस्ट ओव्हनमध्ये भाजतात आणि आतून गुलाबी ठेवतात, कारण तेथील जनावर मांसासाठीच पोसलेले व कोवळे असते. आपल्या शेतकऱ्याला केवळ मांसासाठी गुरे पोसण्याची चैन कधी परवडली नाही. त्याच्या दावणीला बैल असे तो नांगरासाठी, म्हैस असे ती दुधासाठी. मांस हा आयुष्याच्या अखेरीस मिळणारा दुय्यम जिन्नस. म्हणूनच आपल्याकडील रोस्टला शिरका लागतो, मंद आच लागते आणि धीर लागतो. थोडे धाडस करून म्हणावयाचे, तर आपला रोस्ट हा सेवानिवृत्त जनावराचा रोस्ट आहे.

हे जनावर निवृत्त कसे होते, ते मी लहानपणी पाहिले आहे. माझे वडील खेड तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी. बैल थकला, की ते त्याला चाकणच्या शनिवारच्या बाजारात नेत. ज्याच्या शिंगांना पोळ्याला हिंगूळ लावला, ज्याला घरातील माणसांच्या आधी पुरणपोळी भरविली, त्याचीच दोरी दलालाच्या हाती देताना ते त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवीत. परतीच्या वाटेवर बोलत नसत. कोणी घेतला, असे आईने विचारले, तर "घेतला एकानं" एवढेच उत्तर मिळे. थकलेला बैल दुसरा शेतकरी विकत घेणार नाही हे आईला कळत होते, वडिलांना कळत होते आणि थोडे मोठे झाल्यावर मलाही कळू लागले. आलेल्या पैशांत भर घालून पुढच्या हंगामापूर्वी नवा खोंड दावणीला येई.

वर्गात मी घसारा शिकवितो तेव्हा हे उदाहरण हटकून आठवते. चाकणच्या कारखान्यातील यंत्र जुने झाले, की ते भंगारात निघते आणि त्याचे अवशिष्ट मूल्य नव्या यंत्राच्या किमतीत जमा होते. बैलाचेही तसेच होते. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीस बंदी केली होती. मात्र कामास निरुपयोगी ठरलेल्या बैलाला दाखला घेऊन कत्तलखान्यात पाठविण्याची मुभा ठेवली होती. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने कुरेशी खटल्यात घेतलेली भूमिकाही हीच होती. पुढे २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ती बदलली. म्हातारा बैलही शेण-गोमूत्राच्या रूपाने अखेरपर्यंत उपयुक्तच असतो, हा त्या निकालाचा एक आधार होता. राज्याच्या विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपतींची मान्यता मिळाली आणि वळू व बैल हेही बंदीच्या कक्षेत आले. कत्तलीसाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, आणि असे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा.

शेणाला मोल आहे, हे कोणता शेतकरी नाकारील? प्रश्न वैरणीच्या मोलाचा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९६० च्या दशकातच या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. चारा मर्यादित असताना निरुपयोगी जनावरे पोसली गेली, तर उपयुक्त जनावरे अर्धपोटी राहतात आणि साऱ्या गोधनाचाच कस उतरतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गाई-बैल होते; २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांवर आले. म्हशींची संख्या मात्र ५६ लाखांच्या आसपास स्थिर राहिली. घट केवळ कायद्याने झाली असे म्हणणे शास्त्रीय होणार नाही. ट्रॅक्टरचा वाटा त्यात मोठाच आहे. परंतु ज्या जनावराची अखेरची किंमत शून्यावर आली, ते विकत घेताना शेतकरी दहा वेळा विचार करणार, एवढे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गाईला राज्यमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज पन्नास रुपयांचे अनुदान जाहीर केले. ते शेतकऱ्याच्या दावणीच्या म्हाताऱ्या बैलासाठी नव्हते.

गाईविषयीची श्रद्धा मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या घरात ती आजही आहे. पण श्रद्धा ज्याची, भार त्याचा, हा साधा हिशेबही येथे जमत नाही. भार पडतो तो दोन बैलांच्या शेतकऱ्यावर आणि ज्याला मटणाचा भाव झेपत नाही अशा खाणाऱ्यावर. या मांसाची किलोची किंमत मटणाच्या निम्म्याच्या आसपास असते. ते केवळ ख्रिस्ती वा मुसलमानांच्या घरी शिजत होते, असेही नाही. मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवरील शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक कायदा आला त्याच वर्षी, २०१५ मध्ये, प्रसिद्ध झाले. ज्यांना या विषयाची दुसरी बाजू समजून घ्यावयाची आहे, त्यांनी ते अवश्य वाचावे.

गंमत अशी, की ज्या २०१४-१५ या आर्थिक वर्षाच्या अखेरीस हा कायदा आला, त्याच वर्षी देशाने सुमारे २९ हजार कोटी रुपयांचे म्हशीचे मांस निर्यात केले आणि त्या व्यापाराने बासमती तांदळालाही मागे टाकले. म्हशीच्या दुधावर आपली मुले वाढतात. तिच्यासाठी मात्र कोणी रस्त्यावर उतरत नाही. असो.

मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कायदा कायम ठेवतानाच त्यातील काही कलमे रद्द केली. परराज्यात कायदेशीररीत्या मिळालेले मांस येथे बाळगणे व खाणे हा गुन्हा राहिला नाही. घरात काय शिजते हा नागरिकाच्या खाजगीपणाचा भाग मानला गेला. आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकणारे कलमही गेले. न्यायालयाने ते ओझे उतरविले खरे, पण रस्त्यावर ते उतरलेले नाही. म्हशींच्या वाहतुकीसही अडवणूक होते, या तक्रारीवरून २०२५ च्या जुलैमध्ये राज्यातील कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबविली, तेव्हा बाजारातून परत न्यावी लागलेली गुरे शेतकऱ्यांचीच होती.

त्या दिवशी मी रोस्ट खाल्ला. काप पातळ होते, गर्द रंगाचे, जिभेवर सुटणारे. बटाट्यांना मिरीचा झणका होता. वडिलांचे "घेतला एकानं" हे शब्द मधूनच आठवत होते. जेवण झाल्यावर सहकारी काही कागद शोधत होते, म्हणून बाईंनी टेबलाचा खण उघडला. आत फ्रिजचे हमीपत्र, विजेची बिले आणि त्यांवर खाटिकाच्या दुकानाची एक लहानशी पावती. वजन, रक्कम आणि पेनाने ठळक लिहिलेला एक शब्द : म्हैस. "मीच लिहून घेते," त्या म्हणाल्या. "भांडी घासून होईपर्यंत तरी जपून ठेवते."