गाळण्याला चांदीची जोड

मिरचीचा हंगाम भरात असला की दोंडाईच्याच्या बाजारातून जाताना ठसका लागतोच, आणि जो तो पाणी मागतो. जुन्या वळणाच्या घरांत हे पाणी माठात पडण्याआधी फडक्यातून जातं. विटलेल्या सुती लुगड्याचं, चौपदरी, हंड्याच्या तोंडावर बांधलेलं गाळणं. जैन घरांत तर न गाळलेलं पाणी वर्ज्यच. नारू हटवायच्या मोहिमेतही हेच फडकं हत्यार होतं; 2000 साली देश नारूमुक्त ठरला.

लुगडं जुनंच का, हे रीटा कोलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंच्या गटानं बांगलादेशात तपासलं. धुऊन धुऊन धाग्यांचे तंतू पिसारतात आणि भोकं बारीक होतात. चार पदर केले की ती साधारण 20 मायक्रॉनची राहतात. पटकीचा जंतू त्याहून कितीतरी लहान. पण तो पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतो. किडा अडकला की तोही अडकला. 65 गावांतल्या प्रयोगात पटकी 48 टक्क्यांनी घटली. फाटक्या साडीनं आणखी काय करायचं!

उरलेल्या निम्म्यासाठी चांदी. सुटा जंतू एक-दोन मायक्रॉनचा, तो फडक्यातून सरळ खाली उतरतो. म्हणून सुती कापड सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवून तंतूंवरच चांदीचे अतिसूक्ष्म कण धरवतात. पांढरं कापड पिवळट-तपकिरी होतं. पाणी लागलं की या कणांतून आयन सुटतात, जंतूच्या प्रथिनांना चिकटतात आणि त्याचा जीव घेतात.

पुण्यात हीच चांदी वेगळ्या अंगानं वापरली गेली. टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून ‘सुजल’ हे जलशुद्धी यंत्र तयार झालं. पुढं राखेवर चांदीचे नॅनोकण चढवून डिसेंबर 2009 मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आलं. वीज नको, नळ नको, तेव्हा किंमत हजाराच्या आत. त्यातला गाळणीचा एक ‘बल्ब’ 3000 लिटरला पुरायचा. कापड सोडून राख का? चांदी सावकाश मारते. राखेतून पाणी झिरपत, रेंगाळत जातं. फडक्यातून ते क्षणात खाली पडतं.

म्हणून चांदीच्या कापडाची जाहिरात वाचली की मी हात आखडता घेतो. विषाणू आणि जिआर्डिया या परजीवीच्या कोषांपुढे चांदी दुबळी. बोअरचं पाणी खारट असेल तर त्यातलं क्लोराइड तिला बांधून टाकतं. प्रत्येक धुण्यात थोडी चांदी निघून जाते, आणि पिण्याच्या पाण्यात ती लिटरला 0.1 मिलिग्रॅमहून जास्त नको. मात्र असं कापड माठात तासन्‌तास बुडवून ठेवलं, तर तिला सवड मिळते. गाळणं कुबट होऊ नये, एवढ्यासाठीही ती कामाची.

तोवर आजीचं फडकं आहेच. ते उलटसुलट बांधू नका. शेवटचं विसळणं गाळलेल्या पाण्यात करा, कडक उन्हात वाळवा. दोंडाईच्यात उन्हाला तोटा नाही. आणि गाळलेलं पाणी उकळा, नाहीतर त्यात क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा.