विभाज्य (पट)
एखाद्या पूर्णांकास कोणत्याही पूर्णांकाने गुणले असता येणाऱ्या गुणाकारास मूळ पूर्णांकाचा विभाज्य किंवा पट असे म्हणतात. उदा., ०, ४, ८, १२,... हे ४ चे विभाज्य होत. १२ हा ४ चा विभाज्य असल्यास ४ हा १२ चा विभाजक असतो. शून्येतर संख्येचे विभाजक मोजके, तर विभाज्य अगणित असतात. शून्य हा प्रत्येक पूर्णांकाचा विभाज्य आहे. पाढा म्हणजे एखाद्या संख्येच्या पहिल्या काही विभाज्यांची क्रमवार मांडणीच होय.

एकाच संख्येच्या दोन विभाज्यांची बेरीज व वजाबाकी हेही त्या संख्येचे विभाज्य असतात. या साध्या गुणधर्माचे महत्त्व भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथातील कुट्टक गणितावरून स्पष्ट होते. त्यातील एक प्रश्न असा : २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळविले असता येणारी संख्या १९५ चा विभाज्य होईल? येथे २२१ = १३ × १७ व १९५ = १३ × १५ असल्याने दोहोंचे सर्व विभाज्य १३ चेही विभाज्य आहेत; म्हणून त्यांच्यातील अंतर ६५ हेही १३ चा विभाज्य असले पाहिजे. ते तसे आहे (१३ × ५). सर्व संख्यांना १३ ने भागल्यास प्रश्न १७ व १५ यांपुरता उरतो आणि ५ हे उत्तर मिळते; कारण २२१ × ५ + ६५ = ११७० = १९५ × ६. या उत्तरात १५ चा कोणताही विभाज्य मिळविला, तरी अट पूर्ण होते, उदा., २० घेतल्यास ४४८५ = १९५ × २३. याउलट ६५ च्या जागी ६६ घेतल्यास उत्तर संभवत नाही. अशा प्रश्नास भास्कराचार्यांनी ‘दुष्ट’ म्हटले आहे. कुट्टकाचा उपयोग ग्रहगणितात होत असे.

या गणिताच्या अध्ययनाची परंपरा खानदेशात होती. जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू व यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची आणि त्यास निकुंभ वंशातील सोइदेवाने १२०७ मध्ये दान दिल्याची नोंद आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला.