देवाविषयी बोलावं कुणी?

इ.स. 380 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये देवाच्या स्वरूपावरचा वाद बाजारात आणि हमामखान्यातही रंगत असे. पुत्र ख्रिस्त पिता देवाच्या बरोबरीचा की त्याने निर्माण केलेला, यावर पाववाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घाली, असं निसाच्या ग्रेगरीने नोंदवलं आहे. यात सर्वांत पटाईत, पुत्र निर्माण केलेला मानणाऱ्या युनोमियस या धर्मपंडिताचे अनुयायी. 'अजन्मा' म्हटलं की देवाचं सारतत्त्व हाती आलं, असा त्यांचा दावा.

शहरातली मोठी चर्च तेव्हा पुत्राला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पक्षाकडे होती. पुत्र पित्याच्या बरोबरीचा म्हणणाऱ्या नायसियाच्या धर्मपरिषदेच्या (325) मतसाराला धरून राहिलेल्या छोट्या मंडळीपुढे नाझियान्झसचा ग्रेगरी 'अनास्तासिया' या प्रार्थनास्थळात प्रवचनं करी. आज सत्ताविसावं म्हणून ओळखलं जाणारं त्याचं प्रवचन नेमकं या वादवेडावर आहे.

कुणी बोलावं? जन्म किंवा हुद्दा तो विचारत नाही. ज्याने चिंतनाची साधना केली, तन-मन शुद्ध केलं, निदान ते करायला घेतलं, त्याने. हे 'निदान' फार मोलाचं. नाहीतर कुणीच पात्र ठरला नसता. दुखऱ्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये, तसं अशुद्ध मनाने या विषयाला हात घालणं धोक्याचं, असं त्याचं कारण. मग तो वादपटूंना थेट विचारतो: पाहुणचार, गरिबांना अन्न, उपवास, रात्रीची प्रार्थना, रागाला लगाम, यांतलं काय केलंत? की नुसती जीभच चालवलीत?

केव्हा? मन बाहेरच्या गडबडीतून मोकळं असेल तेव्हा. कुणापुढे? रथांच्या शर्यती आणि नाटकांच्या गप्पांनंतर हाही एक विरंगुळा मानणाऱ्यांपुढे नव्हे. ज्यांचे देवच व्यभिचारी, त्या बिगर-ख्रिस्ती लोकांच्या कानी पुत्राच्या 'जन्मा'ची चर्चा पडली तर ते त्याचा शारीरिकच अर्थ घेणार. आपल्या भांडणातून त्यांना आयती शस्त्रं मिळणार. पात्रता ऐकणाऱ्यालाही लागते, हा मला या प्रवचनातला सर्वांत खोल विचार वाटतो. आणि किती बोलावं? बुद्धी पोचेल आणि ऐकणाऱ्याला पेलेल तेवढंच.

यावरून सामान्य माणसाला देवापासून दूर ठेवलं, असं समजू नये. देवाचं स्मरण श्वासाहूनही अधिक वेळा करावं, असं तो आग्रहाने सांगतो. बंधन आहे ते वेळीअवेळी वाद घालण्यावर. ज्यांना बोलल्याशिवाय राहवतच नाही, त्यांना तो शेवटी दुसरे विषय सुचवतो: सृष्टी, जडद्रव्य, आत्मा, पुनरुत्थान, न्याय, ख्रिस्ताचं दुःखसहन. तिथे नेम साधला तर लाभ, चुकला तरी धोका नाही.