काउंटरमागची १७ पुस्तकं

'अमेरिकेत पुस्तकांवर बंदी' असं वाचलं की आपल्याला सरकारी जप्ती आठवते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या बाबतीत २००४ मध्ये महाराष्ट्रात झाली तशी. अमेरिकेतली बंदी बहुधा तशी नसते. पुस्तक दुकानात राजरोस मिळतं. नाहीसं होतं ते शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयाच्या फळीवरून.

आक्षेप पालक घेतात, हा सार्वत्रिक समज. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची २०२४ ची आकडेवारी सांगते की पुस्तकं काढण्याच्या मागण्यांपैकी पालकांच्या १६ टक्के होत्या, तर संघटित दबावगट आणि सत्तेतल्या मंडळींच्या मिळून ७२ टक्के.

आणि काढतात ती सगळी 'घाणेरडी' पुस्तकं? टेक्ससमधल्या लॅनो काउंटीत २०२१ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांतून १७ पुस्तकं काढली. त्यांत लैंगिक शिक्षणाचं एक होतं, खरं. पण ज्यात आंबेडकरांविषयी बरंच काही आहे, ते इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट'ही होतं. शिवाय लहान मुलांची पादण्याच्या गमतीची पुस्तकं! त्यांची कुणाला भीती वाटावी?

काउंटीचं म्हणणं, हे तर नेहमीचं निर्लेखन. इथे शब्दाची गफलत आहे. फाटकी, कालबाह्य, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं ग्रंथपाल बाद करतातच. जागा करायची असते. मजकूर आवडला नाही म्हणून काढणं हे निर्लेखन नव्हे. किंग्जलँड शाखेच्या प्रमुख सुझेट बेकर यांनी पुस्तकं काढायला नकार दिला आणि २०२२ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढे २०२५ मध्ये तडजोडीत त्यांना सव्वादोन लाख डॉलर मिळाले.

न्यायालय वाचकाच्याच बाजूने असणार, हेही गृहीत धरू नये. लॅनोतल्या वाचकांनी काउंटीवर दावा लावला. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी पुस्तकं परत ठेवायला सांगितलं, तेव्हा काउंटीने ग्रंथालयंच बंद करण्याचा विचार केला होता. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने १० विरुद्ध ७ मतांनी वाचकांचा दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. अपील न्यायालयाचा निर्णय टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत लागू आहे. उलट इलिनॉयमध्ये २०२४ पासून, अशी बंदी घालणाऱ्या ग्रंथालयाचं राज्य अनुदान थांबू शकतं.

दरम्यान लॅनोत त्या पुस्तकांच्या देणगीदाखल प्रती आल्या होत्या. त्या काउंटरमागे ठेवल्या. फळीवर नाहीत, सूचीतही नाहीत. ज्याला ठाऊक असेल त्याने नाव घेऊन मागायच्या.