आधी शेवट ठरवा: फ्लाइट सिम्युलेटरमधलं मिशन कसं आखायचं

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्या इअरफोनची एक बाजू गेलीय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जरा इकडेतिकडे झालं होतं, ते इथे सरळ केलंय.

आजचा विषय डीसीएस, म्हणजे डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर. पीसीवरचा गेम आहे. मूळ गेम फुकट मिळतो, त्यात कॉकेशसचा नकाशा आणि सुखोई-२५टी हे विमान येतं. बाकीची बरीचशी विमानं विकत घ्यावी लागतात. पण आज विमान कसं उडवायचं ते सांगणार नाही. त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. सहा जणांना एकत्र घेऊन एक मिशन कसं पार पाडायचं, त्यावर मात्र फार कमी लोक बोलतात.

आधी आमची फजिती सांगतो. आम्ही सहा जण दर शनिवारी रात्री उडतो. एक दादा दुबईत नोकरीला आहे, त्याला आठवड्यातली तेवढीच एक संध्याकाळ मोकळी मिळते. मिशन साधं होतं. कुताईसीहून उडायचं, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या गुदाउता विमानतळावरचा इंधनसाठा उडवायचा आणि परत यायचं. अंतर सुमारे १०० नॉटिकल मैल. विमानतळाच्या रक्षणाला कुब क्षेपणास्त्रांच्या दोन बॅटऱ्या. सगळ्यांकडे एफ/ए-१८ हॉर्नेट.

प्लॅन काय होता? "चला, तयार झालात की निघा." बस्स.

रडार मारायला जायची जोडी सगळ्यात आधी तयार झाली आणि निघाली. त्यांनी एक रडार फोडलं, क्षेपणास्त्रं संपली, इंधन उतरलं, ते परत फिरले. बॉम्बवाली जोडी त्यांच्या बारा मिनिटं मागे होती. ते पोचले तेव्हा दुसरं रडार ठणठणीत जिवंत. चार मिनिटांत दोघंही खाली. दुबईचा दादा शांतपणे म्हणाला, "अरे, दोन तास नुसती टॅक्सी करायला मी जागत नाही." पुढच्या शनिवारी तो आलाच नाही.

ही चूक फक्त आमच्यासारख्या नवशिक्यांची नाही बरं का. १९ जानेवारी १९९१, आखाती युद्धाचा तिसरा दिवस. अमेरिकेच्या हवाई दलाने बगदादवर दिवसाढवळ्या मोठा हल्ला केला, त्याला 'पॅकेज क्यू' म्हणतात. त्यात पन्नासहून जास्त एफ-१६ होती. रडारविरोधी काम करणाऱ्या एफ-४जी विमानांचं इंधन उतरलं आणि शेवटची एफ-१६ लक्ष्यावर असतानाच त्यांना निघावं लागलं. त्या दिवशी दोन एफ-१६ पडली, दोन्ही वैमानिक कैद झाले. तिथे खरी माणसं होती, आमच्याकडे 'रीस्पॉन'चं बटण होतं. पण दुखणं एकच: संरक्षण करणारा आणि ज्याचं संरक्षण करायचं तो, दोघं एका वेळी एका जागी नव्हते.

म्हणून पहिला नियम: प्लॅन टेकऑफपासून सुरू करायचा नाही. शेवटापासून मागे यायचं.

घड्याळ उलटं चालवा

लक्ष्यावर बॉम्ब पडायची वेळ आधी ठरवा. याला टीओटी म्हणतात, म्हणजे 'टाइम ऑन टार्गेट'. आपण १०:३० धरू. आता वेग ठरवा. ४८० नॉट म्हणजे मिनिटाला ८ नॉटिकल मैल. मी मुद्दाम हाच वेग घेतो, तोंडी हिशोब सोपा जातो.

लक्ष्याच्या २४ मैल आधी एक बिंदू ठेवा, तो आयपी. इथून हल्ल्याची शेवटची धाव सुरू होते. कुबचा टप्पा साधारण १३ नॉटिकल मैल, म्हणजे आयपीवर तुम्ही अजून सुरक्षित आहात. २४ भागिले ८, तीन मिनिटं. आयपीची वेळ १०:२७.

लक्ष्याच्या ६४ मैल आधी दुसरा बिंदू, तो पुश पॉइंट. इथे सगळे घिरट्या घालत थांबतात आणि ठरल्या वेळेला सुटतात. ६४ भागिले ८, आठ मिनिटं. पुशची वेळ १०:२२.

कोणाला ना कोणाला उशीर होतोच, म्हणून पुश पॉइंटवर आठ मिनिटं राखीव ठेवा. म्हणजे तिथे पोचायचं १०:१४ ला. कुताईसीहून तिथपर्यंत ३६ मैल, चढत जाताना मिनिटाला ६ मैल धरा, सहा मिनिटं. बॉम्बवाल्या जोडीचं टेकऑफ १०:०८. टॅक्सीला दहा मिनिटं, थंड इंजिन सुरू करून सगळ्या यंत्रणा जुळवायला वीस मिनिटं. म्हणजे पहिलं बटण ९:३८ ला दाबायचं.

बघा, बॉम्ब १०:३० ला पडायचा तर काम ९:३८ ला सुरू होतं. आम्ही ही बावन्न मिनिटं कधी मोजलीच नव्हती.

तीन जोड्या, तीन कामं

पहिली जोडी कॅप, म्हणजे हवेतला पहारा. गुदाउतापासून शत्रूचा सोची विमानतळ ३५ मैलांच्या आसपास. तिथून उडालेलं विमान चार-पाच मिनिटांत तुमच्या डोक्यावर येतं. म्हणून ही जोडी सगळ्यात आधी, १०:१७ ला पुश करते आणि मध्ये उभी राहते.

दुसरी जोडी सीड, म्हणजे रडारवाल्यांना गप्प बसवणारी. यांच्याकडे हार्म क्षेपणास्त्र असतं, ते रडारच्या लहरींच्या मागावर जातं. ही जोडी १०:१९ ला सुटते, म्हणजे बॉम्बवाल्यांच्या तीन मिनिटं पुढे राहते.

तिसरी जोडी स्ट्राइक, १०:२२ ला.

कॅप आणि सीडचं टेकऑफ अनुक्रमे १०:०४ आणि १०:०६. म्हणजे इंजिनंही तेवढीच आधी सुरू करायची.

सीडसाठी एक नियम आम्ही लाल अक्षरात लिहून ठेवलाय: शेवटचा बॉम्बवाला बाहेर पडेपर्यंत दोघांपैकी एकाकडे तरी एक हार्म शिल्लक हवं, आणि घरी जायचं इंधन सोडून थोडं जास्तीचं. सगळी हत्यारं पहिल्याच मिनिटात उधळायची नाहीत.

इंधनाचे दोन आकडे

हॉर्नेटच्या पोटात सुमारे १०,८०० पौंड इंधन मावतं. त्यातले दोन आकडे उडायच्या आधीच ठरवायचे. बिंगो म्हणजे आता फिरलंच पाहिजे. जोकर म्हणजे बिंगो जवळ आलाय, आवरतं घ्या. आम्ही परतीला २,५०० आणि राखीव २,००० धरतो, म्हणजे बिंगो ४,५०० आणि जोकर ५,५००. हे आमचे आकडे आहेत. तुमच्या विमानाला, उंचीला, बाहेर लटकवलेल्या वजनाला एकदा उडून बघा आणि तुमचे काढा.

पत्ता सांगायची पद्धत

"माझ्या डावीकडे एक विमान आहे!" अरे, तुझी डावी बाजू मला काय माहीत? गावात आपण पत्ता कसा सांगतो? मारुतीच्या देवळापासून वर, दोन घरं सोडून. इथे त्या देवळाला बुल्सआय म्हणतात. नकाशावरचा एक बिंदू, सगळ्यांना आधीच ठाऊक असलेला. "बुल्सआय ३१०, ४०" म्हणजे त्या बिंदूपासून ३१० अंशांच्या दिशेला ४० मैलांवर. आता सहाही जण एकाच जागी बघतात.

कधी सोडून द्यायचं

हे बहुतेक जण लिहीतच नाहीत. आमच्या कागदावर आहे: १०:२७ ला दोन्हीपैकी एकही रडार चालू असेल तर स्ट्राइकने आत जायचं नाही. एक शब्द ठरलाय, तो ऐकू आला की वाद न घालता फिरायचं. वाद खाली उतरल्यावर.

आता हे सगळं बघायचं कोणी? आमचा एक मित्र सांगलीचा. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर हा गेम उघडतसुद्धा नाही, म्हणून तो ग्रुपमध्ये नुसता मीम टाकायचा. त्याला म्हटलं, तू फोनवरून व्हॉइस कॉलला ये आणि घड्याळ सांभाळ. त्याने वेळांचा एक तक्ता केला, सगळ्यांना पाठवला. रात्री तोच बोलत होता. "कॅप, पुशला दोन मिनिटं. सीड, तुम्ही थांबा." दुबईच्या दादालाही तक्ता त्यानेच पाठवला होता. दादाने तो बघितला आणि म्हणाला, "येतो, पण हे शेवटचं."

बॉम्ब १०:३१ ला पडले. एक मिनिट उशीर, तो माझ्यामुळे. मी पुश पॉइंटवर चुकीच्या बाजूला तोंड करून घिरट्या घालत होतो. साठा उडाला, दोन्ही रडारं गेली. परतताना आमच्यातल्या एकाने चाकं खाली न घेताच लँडिंग केलं, त्याला अजून चिडवतोय. दादा पुढच्या शनिवारी वेळेच्या आधी हजर होता.

तर मंडळी, यासाठी महागडा पीसी असायलाच हवा असं नाही. वर दिलेल्या अंतरांवरून एक काम करून बघा: टीओटी १०:४५ करा, वेग ४२० नॉट घ्या, म्हणजे मिनिटाला ७ मैल, आणि स्ट्राइकच्या पुशची वेळ काढा. आकडा पूर्ण येणार नाही, तेव्हा कुठल्या बाजूला धरलात आणि का, तेही लिहा. उत्तरं कमेंटमध्ये टाका, सांगलीचा मित्र तपासणार आहे.

पुढच्या भागात रेडिओवर कमीत कमी शब्दांत कसं बोलायचं ते बघू. तोवर चाकं खाली घ्यायला विसरू नका. भेटूच!