परदेशातील अध्ययन आणि छायाचित्रण : एक अध्यापनविषयक विचार

प्रस्तावना
परदेशी अध्ययनासाठी गेलेला विद्यार्थी शेकडो छायाचित्रे घेऊन परततो. परंतु छायाचित्रांची संख्या हे आकलनाचे गमक नव्हे. पर्यटक पूर्वपरिचित प्रतिमांचाच शोध घेतो, असे प्रतिपादन जॉन अरी यांनी १९९० मध्ये ‘द टूरिस्ट गेझ’ या ग्रंथात केले. विद्यार्थ्याची दृष्टीही तशीच राहिल्यास परदेशवास त्याच्या पूर्वग्रहांना केवळ पुरावे पुरवितो.

संशोधनाचा आधार
लिंडा हेंकेल यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, संग्रहालयातील ज्या वस्तूंची छायाचित्रे घेतली त्या वस्तू केवळ पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा केंद्रित केल्यास स्मरणात अशी घट झाली नाही. म्हणजेच कॅमेरा अध्ययनास मारक नसून त्याचा अवधानशून्य वापर मारक आहे. कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. छायाचित्रांची निवड, त्यांवरील चर्चा आणि त्यांतून प्रश्नांची मांडणी अशी त्यांची पद्धती होती. छायाचित्र हा शेवट नसून संवादाचा आरंभ आहे, हे तत्त्व येथे महत्त्वाचे ठरते.

कार्यपद्धती
विद्यार्थ्याने एकच स्थळ निरनिराळ्या वेळी टिपावे. प्रत्येक छायाचित्राखाली प्रथम केवळ दृश्याचे वर्णन व नंतर स्वतःचा अन्वयार्थ लिहावा. तेच छायाचित्र स्थानिक व्यक्तीस दाखवून तिचे स्पष्टीकरण नोंदवावे आणि आपला अन्वयार्थ पुन्हा तपासावा. उदाहरणार्थ, जपानी शाळेत मुले वर्ग झाडताना पाहून परदेशी विद्यार्थी ती शिक्षा समजण्याचा संभव असतो. तेथील शिक्षकाशी बोलल्यावर स्वच्छता हा शालेय शिक्षणाचाच भाग असल्याचे त्यास उमगते. या दोन अन्वयार्थांमधील अंतर हेच खरे अध्ययन होय.

नैतिक मर्यादा
व्यक्तीचे छायाचित्र घेण्यापूर्वी तिची, आणि मुलांच्या बाबतीत पालक व शाळेची, संमती आवश्यक आहे. वरील उदाहरणात मुलांच्या चेहऱ्यांऐवजी भिंतीशी लावलेल्या झाडूंचे छायाचित्रही चर्चेस पुरेसे ठरेल. संमती नाकारली गेल्यास त्या नकाराची कारणे समजून घेणे हाही अध्ययनाचाच भाग मानावा.

निष्कर्ष
मूल्यमापन छायाचित्राच्या सौंदर्याचे नव्हे, तर बदललेल्या अन्वयार्थाचे व्हावे. त्यासाठी प्राध्यापकांनी प्रस्थानापूर्वी निरीक्षणाचे प्रशिक्षण आणि परतल्यावर सामूहिक चर्चेसाठी तासिका राखून ठेवणे अगत्याचे आहे.