सुरांचे व्हाउचर आणि रोकड

कीबोर्डवरचे ‘रेकॉर्ड’चे बटण दाबले की आत नेमके काय साठते? वाचकहो, उत्तर एक नाही, दोन आहेत. पहिला प्रकार मिडीचा. १९८३ साली आलेल्या या पद्धतीत आवाज साठतच नाही. कोणती पट्टी केव्हा, किती जोराने दाबली, एवढीच नोंद राहते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत हे व्हाउचर. दुसऱ्या कीबोर्डवर वटवले, की सूर तेच, आवाज मात्र निराळा. दुसरा प्रकार ऑडिओचा, ही रोकड. सीडीच्या दर्जाची घेतली तर मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खाते, पण पेन ड्राइव्हवर घालून कुठेही ऐकवता येते.

कॉटन ग्रीनला आमच्या शेजारी राहणारे अण्णा गिरणीतून निवृत्त झालेले. हात आता कापतो. नातू म्हणाला, ‘आजोबा, मिडीत घ्या, चुकलेली पट्टी मी मागाहून दुरुस्त करीन.’ अण्णांनी ऑडिओच घेतला. मला पटले. दुरुस्त केलेला अण्णा कोणाला हवाय?

मात्र इथे एक मेख आहे. सूर कीबोर्डमधून थेट साठवणीत जातो, खोलीतल्या हवेशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे हार्बरची लोकल, गोदामांकडे वळणारे ट्रक, यांतले काहीच त्यात उतरले नाही. शेजारी बसून काकू गात होत्या, त्याही नाहीत! काही कीबोर्डना माईक जोडता येतो, अण्णांच्या नाही. म्हणून हल्ली ते मोबाइलही समोर ठेवतात. त्या प्रतीत लोकल आहे, ट्रकचा भोंगा आहे, आणि काकू आहेत.